वाडीतलं वायफाय कुणाच्या हाती?

साशंक : गावाकडच्या घरांत वायफाय बसवायची तुमची खटपट मी बघते आहे. पण आधी मला त्याची गरज पटवून द्या. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फोन आहे, फोनमध्ये रोजचा डेटा आहे. आमच्या वाडीत विहिरीवर जाणारी बाईसुद्धा वाटेत भजनं लावते. शहरातल्या फ्लॅटमध्ये राउटर असतो, म्हणून कोकणातल्या कौलारू घरातही असावा, यापलीकडे काही कारण आहे का? मला तर ही चाकरमान्यांची गरज वाटते. गणपतीला आणि मे महिन्यात ते येतात, त्यांचं ऑफिसचं काम अडतं, म्हणून वर्षभर भिंतीवर एक डबा लुकलुकत ठेवायचा आणि त्याचं बिल भरायचं.

आग्रही : चाकरमान्यांची सोय हे एक कारण असतं, ते मी नाकारत नाही. पण डेटा प्रत्येकाच्या हातात आहे, हे सड्यावर उभं राहिल्यावर खरं असतं, माजघरात नाही. आपली जुनी घरं वाऱ्याचा आडोसा आणि पाण्याची जवळीक बघून बांधली गेली. म्हणजे डोंगराच्या पोटात, वहाळाच्या अंगाला, माडा-पोफळींच्या आणि कलमांच्या दाटीत. मोबाइलचा टॉवर उभा राहतो वर सड्यावर. त्यामुळे पाखाडी चढून गेलं की फोन वाजायला लागतो आणि घरात आल्यावर मुका होतो. २०२० च्या टाळेबंदीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती तरी मुलं डोंगरावर खोपी बांधून, पावसात प्लास्टिक पांघरून अभ्यासाला बसली. त्या गावांत इंटरनेट नव्हतं असं नाही, घरांत नव्हतं. घरापर्यंत एक फायबर आली आणि आत वायफाय झालं, तर ते मूल घरात बसून शिकेल. आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून आपल्याकडे वायफायवरून साधा कॉल लावायची सोय सुरू झाली. ज्या घरात टॉवरची रेंज नाही, तिथे त्यामुळे नेहमीच्या नंबरवर नेहमीसारखा फोन लागतो आणि बँकेचा ओटीपीही बहुतेक वेळा घरातच येतो. रात्री दोन वाजता म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, तर अंगणातून सड्यावर धावत जायचं की पलंगाशेजारी बसून गाडी बोलवायची, एवढा हा फरक आहे.

साशंक : शेवटचा मुद्दा मोठा आहे, तो मी मान्य करते. पण त्याच म्हाताऱ्याच्या हातात बटणांचा फोन असतो. त्याला वायफायचा उपयोग शून्य. बँकेच्या खात्याला जोडलेला नंबर त्याच फोनमध्ये. म्हणजे सून स्मार्टफोनवर अर्ज भरणार आणि ओटीपीसाठी सासरा हातात फोन उंच धरून गडग्यावर उभा राहणार. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ई-पीक पाहणी तर शेतात उभं राहूनच करायची असते, तिथे घरातला राउटर काय करणार? तुम्ही घराला जोडता, पण शेतकऱ्याचं अर्धं काम घराबाहेर आहे. आणि घराच्या आत तरी तुमचं वायफाय नीट पोचतं का? ओटीवर राउटर लावतात, स्वयंपाकघरात चक्र फिरत राहतं.

आग्रही : कारण तो चुकीच्या जागी लावलेला असतो. फायबर ओढणारी माणसं घाईत असतात. केबल ज्या खिडकीतून आत येते, तिथेच खिळा ठोकून मोकळी होतात. मग अर्धी रेंज अंगणातल्या तुळशीला मिळते. आपल्या घरांच्या भिंती जांभ्याच्या, काही ठिकाणी हात-हातभर जाडीच्या मातीच्या. जांभ्यात लोह असतं, शिवाय तो सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारा. तीच खोली मार्चमध्ये ठीक चालते आणि जुलैमध्ये रडते, त्याचं कारण बऱ्याचदा ही ओल असते. म्हणून पंधरा-वीस मीटर जास्तीची केबल मागून घ्यायची आणि राउटर घराच्या मध्यावर, माजघरात, माणसाच्या डोक्याच्या वर लावायचा. लोखंडी कपाटामागे नाही, पाण्याच्या टाकीशेजारी नाही, पत्र्याला चिकटून तर मुळीच नाही. पत्र्यावरून लहर परत फिरते. मातीची कौलं त्या मानाने मवाळ असतात. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, ती भिंतीतून जास्त आत शिरते. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून लहान, ती वेगवान असते पण जांभ्याच्या दुसऱ्या भिंतीपाशी दमते. मागच्या पडवीसाठी २.४ ठेवावा, माजघरातल्या लॅपटॉपसाठी ५. मुंबईच्या इमारतीत एका खोलीत शेजारपाजारचे डझनावारी राउटर एकमेकांवर आवाज चढवत असतात. वाडीत हवा स्वच्छ असते. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शहरात त्यावरून मारामारी असते, वाडीत तिन्ही मोकळे. याबाबतीत तरी गाव शहरापेक्षा नशीबवान आहे.

राहिलं शेत. घरापासून मांगर किंवा पंपाची खोली तीन-चारशे मीटरवर असेल, तर दोन टोकांना दोन छोटे अँटेना समोरासमोर लावून वायफाय तिथवर नेता येतं. २००५ मध्ये आपल्या सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला केला, २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे बरेच पट्टे. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत राहिलात तर परवाना काढायला लागत नाही. एकच पथ्य असतं. दोन अँटेना एकमेकांना नुसते दिसून भागत नाही, लहरीला मध्यावर फुगायला जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर चारशे मीटरच्या अंतरात मधोमध चहूबाजूंनी दोन मीटरच्या वर मोकळीक हवी. मध्ये कलमाचा शेंडा आला की खेळ खलास.

साशंक : आणि पाऊस? आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. ढग दाटले की टीव्हीच्या छत्रीचं चित्र जातं, मग तुमचा अँटेना काय टिकणार?

आग्रही : छत्रीवरचं चित्र जातं कारण ती लहर फार लहान असते आणि ढगांतून, पावसातून लांबची वाट काटून येते. ५.८ गिगाहर्ट्झला चारशे मीटरच्या अंतरात पावसाच्या धारांनी जवळजवळ काही होत नाही. तिला अडवतात ओली पानं. एप्रिलमध्ये जोडलेली रेषा जुलैमध्ये तुटते, ती मधल्या आंब्याला, किंजळीला नवी पालवी फुटून ती भिजल्यामुळे. म्हणून आगोटीला जशी आपण कौलं चाळतो, तशी त्या रेषेतली झाडं एकदा बघायची आणि फांदी छाटायची. गावातल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही. नुसतं कशासाठी करायचं ते सांगावं लागतं.

साशंक : तुमचं एवढं ऐकल्यावर मला जे दिसतं ते सांगते. ज्याला तुम्ही बिनतारी म्हणता त्याच्यात तारा किती आहेत बघा. घरापर्यंत फायबर, तीसुद्धा विजेच्या खांबांवरून लोंबकळत आलेली. डब्याला वीज. अँटेनाला केबल. अर्थिंगला तांब्याची पट्टी. फक्त शेवटचे दहा मीटर तुमची तार नाही. आमच्या इथे माकडं फायबरला झोके घेतात, वाऱ्यात माडाची झावळी पडली तरी ती तुटते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. आणि वीज तर असूनही मारते. मे महिन्याच्या अखेरीला आणि ऑक्टोबरात जे गडगडाट होतात, त्यात शेजाऱ्यांच्या घरातला राउटर, टीव्ही आणि मुलाचा कॉम्प्युटर एका क्षणात गेला. पंचवीस-तीस हजारांचं नुकसान. त्या घरात ती रक्कम काजूच्या अख्ख्या हंगामाची होती. शहरात राउटर जळला तर दुसरा येतो. इथे त्यानंतर कॉम्प्युटर आलाच नाही.

आग्रही : ही गोष्ट तुम्ही काढलीत ते बरं झालं, कारण वायफाय बसवणारे बहुतेक जण नेमका इथेच हात आखडता घेतात. फायबर म्हणजे काच, तिच्यातून विजेचा लोळ घरात येत नाही. तो येतो दोन वाटांनी, महावितरणच्या लाइनमधून आणि तुम्ही स्वतः ओढलेल्या लांब तांब्याच्या केबलमधून. घरापासून गोठ्यापर्यंत साठ मीटर इथरनेटची केबल टाकली, की ढगांतल्या विजेसाठी अंगणात आकडाच टाकून ठेवला. तिथे फायबरचा तुकडा पाइपात घालून पुरावा आणि दोन्ही टोकांना छोटे कन्व्हर्टर लावावेत. अँटेनाची केबल घरात शिरायच्या आधी सर्ज अरेस्टर हवा. आणि अर्थिंग खरं हवं. सड्यावर खाली कातळ असतो, उन्हाळ्यात कोरडा ठक्क. तिथे फूटभर सळई ठोकून अर्थिंग झालं असं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मोरीचं पाणी जिथे मुरतं, केळीच्या बुंध्याशी, तिथे खोल खड्डा घ्यावा. हे सगळं करूनही आभाळ गडगडायला लागलं की प्लग उपसावा, यासारखा दुसरा उपाय नाही.

वीज नसण्याचा प्रश्न मात्र तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. राउटर आणि फायबरचा डबा मिळून दहा-बारा वॅट खातात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर त्यांना सात तास चालवते, प्रत्यक्षात चार धरा. आणि फायबरची एक खुबी ऐका. एक्स्चेंजपासून घरापर्यंत, अगदी वीस किलोमीटर, मध्ये कुठेही विजेची गरज नसते. मधल्या खांबावरची पेटी नुसता प्रकाश वाटून देते. म्हणजे गावात अंधार असला तरी त्या टोकाला जनरेटर आणि या टोकाला तुमची बॅटरी असेल, तर नेट चालू राहतं. टॉवरचं तसं नाही, त्याच्या बॅटऱ्या उतरल्या की अख्खा परिसर मुका.

साशंक : तुमच्या प्रत्येक उत्तरात काहीतरी करणारं एक माणूस गृहीत धरलेलं आहे. प्लग उपसणारा, फांदी छाटणारा, बॅटरीचं पाणी बघणारा, फायबर तुटली तर केबलवाल्याला चार वेळा फोन करणारा. तो कोण? माझा सगळा संशय या एका प्रश्नाशी येऊन थांबतो. महाराष्ट्राने हा धडा आधी गिरवलेला आहे. १९९८ मध्ये वारणेत, कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत, संगणकांनी गावं जोडायचा मोठा प्रकल्प झाला. मागे वारणेची भक्कम सहकारी चळवळ होती, केंद्र सरकार होतं. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळं गावातल्या संगणकावर मिळणार होतं. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं, तर ते संगणक मुख्यतः उसाचं वजन, तोडणीच्या तारखा, खतांचा हिशेब एवढ्याच कामाला येत होते. त्यांची डागडुजी महाग होती, वीज बेभरवशाची होती. शेवटी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस आणून बघितला, आणि काम जास्त चांगलं झालं. मला त्यातून जे उमगतं ते असं, की बाहेरच्या माणसाला यंत्र बसवण्यात आनंद असतो. गावाला नंतर ते यंत्र सांभाळत बसावं लागतं. २०११ मध्ये मंजूर झालेली अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर देण्याची योजना घ्या. ग्रामपंचायतीच्या कपाटात डबा पोचला हे खरं, पण तो चालू आहे का हे विचारायला जा.

आग्रही : वारणेचा तुम्ही लावता तो अर्थ मला अर्धा पटतो. शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन जाणून घ्यायचं होतं. ती गरज खरी होती, म्हणून एसएमएस टिकला. जे मोडलं ते गावाने न मागितलेलं होतं. त्यातून यंत्र नको असा निष्कर्ष निघत नाही, मागणाऱ्याला विचारून तेवढंच यंत्र द्या असा निघतो. घरातलं वायफाय या दृष्टीने वारणेच्या उलट आहे, कारण ते प्रकल्प म्हणून येत नाही. एक घर, एक डबा, महिन्याचे पाच-सहाशे रुपये. नको वाटलं तर बंद. सांभाळणाऱ्या माणसाबद्दल म्हणाल, तर धरमशालेचं उदाहरण बघा. २००५ नंतर तिथे डोंगरदऱ्यांत स्वस्त राउटर थोडे बदलून, घरं, शाळा, मठ एकमेकांना बिनतारी जोडले गेले. माकडं तिथेही होती, अँटेनावर चढून बसायची. ते जाळं टिकलं, कारण ते उभारणाऱ्यांनी स्थानिक तरुणांना कामाचं रीतसर शिक्षण दिलं. माझा प्रयत्न तोच असतो. डबा लावताना मी घरातल्या कुणाला तरी सोबत घेतो आणि त्याच्याकडूनच सगळं करून घेतो.

साशंक : कुणाला सोबत घेता? नीट आठवून सांगा.

आग्रही : बहुतेक वेळा मुंबई-पुण्याहून आलेल्या मुलाला. त्याला यात गोडी असते, पैसेही तोच भरतो.

साशंक : मग तो गेल्यावर काय होतं ते मी सांगते, कारण मी तिथेच राहते. घरात उरतात म्हातारी माणसं आणि सून. काही घरांत तीही नाही. राउटरचा ॲडमिन पासवर्ड मुलाच्या फोनमध्ये, ॲप त्याच्याकडे, बिलाचा ईमेल त्याच्याकडे. इथे नेट गेलं की पहिला फोन पुण्याला. तो तिथून विचारतो, लाल दिवा आहे की हिरवा, आणि आई चष्मा शोधते. एवढ्यावर भागलं असतं तरी मी बोलले नसते. पण वायफायच्या मागोमाग कॅमेरा येतो. आधी गोठ्यावर, कारण बिबट्या फिरतो. मग अंगणात, कारण आंबे चोरीला जातात. मग पडवीत, कारण आई एकटी असते. माझ्या माहितीतल्या एका घरात सून दुपारी पडवीत घटकाभर टेकली, तर नवऱ्याचा पुण्याहून फोन आला, भात काढायचा राहिला आहे ना? रागावून नव्हे हो, सहज विचारलं त्याने. पण त्या दिवसापासून ती पडवीत बसत नाही, मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसते. तुम्ही जांभ्याच्या भिंतीतून रेंज कशी न्यायची याचा विचार करता. मी त्या भिंतीचा आडोसा गेला, याचा विचार करते. आणि कॅमेऱ्याखेरीज, त्याच नेटवरून सासऱ्याला संदेश येतो, आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. ज्याने जन्मभर पोस्टात पैसे ठेवले, त्याला हा धोका कोण शिकवणार? मुलाने घरात नेट आणलं, पण १९३० या नंबरवर तक्रार करता येते, हे सांगायला तो विसरला.

आग्रही : पडवीतल्या कॅमेऱ्याबद्दल मी वाद घालणार नाही. गोठ्यापर्यंत रेंज नेऊन द्या, असं मला सांगतात आणि मी नेऊन देतो. ती पडवीतून जाते याचा विचार मी केला नव्हता, तो करायला हवा. पण त्याचा तांत्रिक भाग आपल्या हातात आहे, तेवढं मांडू द्या. घरातलं जाळं आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची फायबर तुटली तरी घरातली यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात. कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या तरी कंपनीच्या ढगात न पाठवता घरातल्याच कार्डावर ठेवता येतं. ते पुण्यातून दिसणारच नाही असं करता येतं, किंवा फक्त रात्री अकरा ते पाच दिसेल असं. बिबट्याला तेवढं पुरे. त्याच जाळ्यावर हाताच्या पंजाएवढा एक छोटा संगणक ठेवला, तर मराठी विकिपीडिया सगळाच्या सगळा एका मेमरी कार्डात मावतो. किविक्स नावाची मोफत प्रणाली त्यासाठीच आहे. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून ठेवता येतात. मुलाला अभ्यास करता येतो, रील बघता येत नाही. सगळ्यांना हवं असतं ते इंटरनेट, म्हणून घरच्या जाळ्याची ही ताकद कुणी वापरत नाही, याची मला खंत आहे. राउटरला वेळा लावून देता येतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची प्रथा पाडली. ते घरच्या घरी राउटरवर दोन मिनिटांत होतं.

साशंक : इथे तुम्ही घसरलात. वडगावात भोंगा वाजतो तो गावाने मिळून ठरवलं म्हणून. घरोघर जाऊन समजूत घातली गेली, बायका बोलल्या, शिक्षक बोलले. तोच दीड तास पुण्यातल्या मुलाने ॲपमधून बंद केला, तर तो हुकूम झाला. रात्री अकरा ते पाचच चित्र दिसेल, हे कोण ठरवणार? ज्याच्याकडे ॲडमिन पासवर्ड आहे तो. म्हणजे सगळी चावी पुन्हा तिथेच. तुमचे सगळे उपाय चांगले आहेत, पण ते ज्याच्या हातात द्यायचे तो हात घरात नसतो.

आणि शेजाऱ्याचं काय? वाडीत एका घरात वायफाय आलं की संध्याकाळी त्याच्या गडग्यावर पोरं बसतात. नाही म्हणणं आमच्या रीतीत बसत नाही. पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला मी पाहिला आहे.

आग्रही : त्यात जोखीम आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता आणि त्या घरात राहणाऱ्या माणसाला चौकशीला तोंड द्यावं लागलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याच्यावर. म्हणून पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवावा, घरच्या यंत्रांपर्यंत त्यातून कुणी पोचू नये, आणि तो पासवर्ड सणासुदीला बदलावा. सगळ्या वाडीलाच नेट हवं असेल, तर २०२० च्या डिसेंबरात सरकारने पीएम-वाणी योजना आणली. तिच्यात वाडीतला किराणा दुकानदारसुद्धा परवाना न काढता, शुल्क न भरता वायफाय वाटू शकतो. जो येईल त्याची नोंद होते, दुकानदाराच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. मला तर वाटतं, पाच-सात घरांच्या वाडीला पाच-सात कनेक्शन हवीतच कशाला?

साशंक : हे मला पटण्यासारखं आहे, आणि यातच माझी अडचणही आहे. किराणा दुकानात नेट आलं की मुलं तिथे जातील, मुलगे जातील. मुली दिवेलागणीनंतर दुकानावर जाऊन बसणार नाहीत. तुम्ही सुरुवातीला म्हणालात, मूल घरात बसून शिकेल. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलींसाठी ते वाक्य अक्षरशः खरं आहे, त्यांना घराशिवाय जागाच नाही. म्हणून घरातलं वायफाय नकोच, असं मला म्हणता येत नाही. फक्त ज्या घरात ते मुलीला पुस्तक देतं, त्याच घरात तिच्या आईवर नजर ठेवतं. दोन्ही एकाच डब्यातून.

आग्रही : मग मी एक अट घालून काम घेईन. जो त्या घरात रोज रात्री झोपतो, त्याच्याच हातात ॲडमिन पासवर्ड. डबा लावताना शिडी धरायला आणि सेटिंग करायला तीच व्यक्ती. ती सून असेल तर सून, शाळेतली मुलगी असेल तर मुलगी. पुण्याच्या मुलाला पाहुण्याचा पासवर्ड. कॅमेरा लावायचा तर त्याची कळ घरात, बंद करायची मुभा घरात. एवढं मान्य नसेल त्याने दुसरा माणूस बघावा.

साशंक : अट चांगली आहे. तुमची कामं निम्मी होतील, तरी ती सोडू नका. पण पैसे भरणारा मुलगा म्हणेल, बिल माझं आणि मीच पाहुणा? सासू म्हणेल, सुनेच्या हातात कळ कशाला? आणि समजा, ती सूनच म्हणाली की मला हे शिकायचं नाही, पाणी, गुरं, भात, मुलं यात आणखी एक ओझं नको, तर? तिला नाही म्हणायचा हक्क आहे की नाही?

आग्रही : आहे. मग त्या घरात मी डबा लावणार नाही.

साशंक : आणि तिची मुलगी यंदा दहावीला असेल तर?

आग्रही : याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. मे महिन्यात सगळे घरी असतात. सासरा, सून, मुलगा, मुलगी माजघरात एकत्र बसतील तेव्हा विचारू. कॅमेऱ्याचं आधी, फायबरचं नंतर. तुम्ही सोबत चला, कारण तुमच्यासमोर ती बोलेल, माझ्यासमोर नाही.

साशंक : येईन. पण सगळ्यांसमोर तीसुद्धा होच म्हणेल. मी आधी एकदा विहिरीवर तिच्याशी बोलते. ती नको म्हणाली तर मुलीच्या अभ्यासाचं काय करायचं, तेवढं तुम्ही शोधून ठेवा. ते छोट्या संगणकाचं आणि मेमरी कार्डाचं म्हणालात ना, ते बाहेरच्या फायबरशिवाय आणि पुण्याच्या ॲपशिवाय खरंच चालतं का, ते आधी माझ्या शाळेत लावून दाखवा.